नकार द्या, पण कारणासह आणि वेळेत

प्रति,
सरकारी संशोधन अनुदाने देणाऱ्या संस्थांचे प्रमुख, निवड समित्यांचे सदस्य आणि वित्त विभागातील अधिकारी

विषय: नामंजूर प्रस्तावांवरचे परीक्षकांचे शेरे न कळवण्याचा निर्णय, आणि त्यानिमित्ताने छोट्या कंपन्यांचं म्हणणं

महोदय, महोदया,

यंदा प्रस्ताव मागवताना आपण एक परिपत्रकही काढलंत. प्रस्तावांची संख्या फार वाढल्यामुळे यापुढे नामंजूर अर्जदारांना परीक्षकांचे शेरे कळवले जाणार नाहीत, पोर्टलवर फक्त ‘निवड झाली नाही’ एवढी नोंद दिसेल, असं त्यात म्हटलं आहे. दोन वाक्यांचा बदल, तोही ‘प्रक्रिया सुलभीकरण’ या मथळ्याखाली सहाव्या क्रमांकावर. मोठ्या संस्थांना तो कदाचित जाणवणारही नाही. छोट्या कंपन्यांना मात्र अर्ज केल्यावर खात्रीने हाती पडणारी जी एकच गोष्ट होती, ती त्याने काढून घेतली. पोर्टलवरच्या तक्रारीच्या रकान्यात पाचशे अक्षरांच्या वर लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

माझी कंपनी सात जणांची आहे. जमिनीखालच्या जलवाहिन्यांमधली गळती आवाजावरून शोधणारं उपकरण आम्ही बनवतो. दाबाखालचं पाणी छिद्रातून बाहेर पडताना आवाज करतं आणि तो पाइपमधून दोन्ही बाजूंना पसरतो. दोन ठिकाणी संवेदक बसवून, आवाज दोन्हीकडे पोहोचायला लागलेल्या वेळेतला फरक मोजला, की छिद्र कुठे आहे ते काढता येतं. तत्त्व जुनंच आहे. रस्त्यावरची रहदारी, शेजारचा पंप, पाइपचं वळण या सगळ्या गोंगाटातून तो नेमका आवाज वेगळा काढणं ही खरी मेहनत.

आमचा पहिला प्रस्ताव आपल्यासारख्याच एका संस्थेने नामंजूर केला. सोबत तीन परीक्षकांचे शेरे आले. एकाने ‘कल्पना चांगली, बाजारपेठेचा अंदाज अवास्तव’ एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्याचे शेरे वाचून त्याने भलताच प्रस्ताव उघडला होता की काय अशी शंका यावी. तिसऱ्याने मात्र विचारलं होतं की चाचण्या लोखंडी पाइपांवर घेतलेल्या दिसतात, प्लास्टिकच्या पाइपांचं काय? त्यांत आवाज झपाट्याने विरतो, वरच्या वारंवारता आधी जातात आणि उरतो तो खालच्या वारंवारतेचा क्षीण आवाज. पाइपला बाहेरून चिकटवलेला संवेदक तो टिपू शकेल का? चार-पाच ओळींचा शेरा होता. त्यावरून आम्ही बाहेरच्या संवेदकाऐवजी पाण्याच्या थेट संपर्कात राहणारा हायड्रोफोन घेतला आणि संकेत गाळण्याची पद्धत खालच्या वारंवारतांसाठी नव्याने बांधली. आज आमचं उपकरण प्लास्टिकच्या पाइपांवर चालतं. पुढे हाच प्रस्ताव सुधारून दिला तेव्हा मंजूरही झाला, त्यामुळे अनुदान न मिळाल्याच्या रागातून मी हे लिहीत नाही एवढं लक्षात घ्यावं. त्या परीक्षकाचं नाव मला माहीत नाही, माहीत होऊही नये. असा सल्ला विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती आणि तो कुणाकडे मागायचा हेही ठाऊक नव्हतं.

म्हणून पहिली तक्रार या परिपत्रकाचीच. शेरे तर परीक्षकाने लिहून झालेले असतात, संगणकात साठवलेले असतात. ते अर्जदाराला दिसू द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. मग ते झाकून नेमका कोणाचा वेळ वाचतो? खरं कारण वेगळं असावं. शेरे दिले की हरकती येतात, ‘एकाने दहापैकी आठ दिले, दुसऱ्याने तीन, हे कसं?’ असे प्रश्न येतात, माहिती अधिकारात अर्ज येतात. हे त्रासाचं आहे, मान्य. पण परीक्षकांचं एकमत होत नाही, ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी राहिलेली नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४३ परीक्षकांना कर्करोग संशोधनाचे २५ प्रस्ताव तपासायला दिले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ज्या पद्धतीने छाननी होते, तीच पद्धत वापरली. एकाच प्रस्तावाला वेगवेगळ्या परीक्षकांनी दिलेल्या गुणांत किंवा त्यांच्या अभिप्रायांत सांगण्याजोगा मेळ आढळला नाही. म्हणजे प्रस्ताव कुणाच्या टेबलावर गेला यावर बरंच काही ठरतं. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०२१ पासून हे सरळ मान्य करून टाकलं आहे: सीमारेषेवरच्या सारख्याच तोलाच्या प्रस्तावांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि चिठ्ठी टाकली होती हे अर्जदाराला सांगितलंही जातं. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर २०१३ मध्येच एका योजनेत पात्र प्रस्तावांतून सोडत काढायला सुरुवात केली. सोडतीत नाव आलं नाही असं कुणी सांगितलं तर मी ते समजू शकते. ‘निवड झाली नाही’ या तीन शब्दांवरून मात्र कल्पनाच चुकीची होती, अंदाजपत्रक फुगलं होतं, की निधी संपला होता, यातलं काहीच कळत नाही. मग पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव त्याच उणिवांसह पुन्हा येतो. आपल्याला संख्या कमी करायची आहे ना? शेरे बंद करून ती वाढणारच आहे.

आता अर्ज करण्याच्या खर्चाबद्दल. ऑस्ट्रेलियात २०१२ सालच्या वैद्यकीय संशोधन अनुदानांचा एक अभ्यास झाला. एका वर्षी आलेल्या ३,७२७ प्रस्तावांवर संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षं खर्ची पडली, असा त्यांचा अंदाज होता. एका नव्या प्रस्तावाला सरासरी ३८ कामाचे दिवस. मंजूर झाले साधारण पाचातला एक. त्याहून बोलका निष्कर्ष असा की जास्त दिवस घालवल्याने मंजुरीची शक्यता वाढलेली दिसली नाही. हे विद्यापीठांतल्या लोकांचं झालं. प्राध्यापक प्रस्ताव लिहीत बसतात तेव्हा निदान पगार चालू असतो आणि प्रस्ताव लिहिणं हा कामाचाच भाग मानला जातो. सात जणांच्या कंपनीत प्रस्ताव लिहिणारी व्यक्ती तीच असते जी ग्राहकाचा फोन घेते, सर्किट तपासते आणि महिनाअखेरीला पगाराचे पैसे जमवते. ती महिनाभर प्रस्तावात अडकली की कंपनी महिनाभर जवळजवळ थांबते. हा खर्च कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो तुमच्याही लेखी नाही.

या पोकळीत एक नवा धंदा उभा राहिला आहे. ‘प्रस्ताव आम्ही लिहून देतो, मंजूर झाला तर इतके टक्के’ असे फोन आम्हाला दर ‘कॉल’च्या वेळी, म्हणजे प्रस्ताव मागवले जातात तेव्हा, येतात. त्यांचे प्रस्ताव छान दिसतात. सगळे एकसारखेच छान दिसतात. परीक्षकांनाही ते एव्हाना ओळखू येत असावेत.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर. प्रस्ताव भरण्याची मुदत आपण मिनिटापर्यंत सांगता. संध्याकाळी पाच वाजून एक मिनिटाने पोर्टल बंद होतं. निकाल कधी लागणार याचा मात्र जाहिरातीत उल्लेखच नसतो. ‘अर्ज विचाराधीन आहे’ ही नोंद किती दिवस तशीच राहू शकते याला काही सीमाच नाही. मोठ्या कंपनीला त्याने फरक पडत नाही, तिथे हा प्रकल्प नाही तर दुसरा चालू असतो. आमच्याकडे प्रस्तावात ज्या इंजिनिअरचं नाव ‘सह-अन्वेषक’ म्हणून लिहिलं होतं, तो निकाल लागेपर्यंत थांबू शकला नाही. त्याला घर चालवायचं होतं. मंजुरी आली तेव्हा तो दुसऱ्या शहरात नोकरीला लागून बराच काळ झाला होता, आणि मग ‘मंजूर प्रस्तावातील मनुष्यबळात बदल’ यासाठी वेगळा अर्ज, वेगळी समिती, पुन्हा वाट पाहणं. उशिरा आलेला नकार तर त्याहून वाईट, कारण वेळेत मिळाला असता तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो. बँक, गुंतवणूकदार, एखादा ग्राहक, काहीही. निर्णयाविना दिलेली आशा छोट्या कंपनीला नकारापेक्षा महाग पडते.

हे जमण्यासारखं नाही असं नाही. छोट्या कंपन्यांसाठी संशोधन निधी राखून ठेवण्याची कल्पना अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९७७ साली राबवून पाहिली आणि १९८२ साली तिथे तिचा कायदा झाला. ज्या सरकारी खात्यांचं बाहेरच्या संशोधनावरचं अंदाजपत्रक दहा कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा पाचशेपर्यंत कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. सुरुवातीला तो ०.२ टक्के होता, पुढे वाढत वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. जपान आणि ब्रिटनने त्याच धर्तीवर आपापल्या योजना काढल्या. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली अशीच एक योजना सुरू केली. त्या अमेरिकी कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली तेव्हा निर्णयाची मुदतही लिहिली गेली: बहुतेक खात्यांना ९० दिवस, आणि परीक्षणाची पद्धत लांबलचक असलेल्या दोन संस्थांना एक वर्ष. ती दर वेळी पाळली जाते असं नाही. शिवाय ती सारी योजनाच ठरावीक काळापुरत्या कायद्यावर उभी असल्याने ३० सप्टेंबर २०२५ ला त्या कायद्याचा काळ संपला आणि नवी अनुदानं देण्याचं काम तेव्हा थांबलं. म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. पण मुदत लिहिलेली असली की ती मोडली हे निदान म्हणता येतं. आपल्याकडे मोडण्यासारखी मुदतच नाही.

तिसरा मुद्दा पैशांचा. अनुदान म्हणजे आधी मिळणारा पैसा, असा बाहेरच्यांचा समज असतो. ज्या योजनेत आम्ही काम केलं, तिथे खर्च आधी करायचा. मग बिलं, पावत्या, बँकेचे उतारे, लेखापालाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचं. मग टप्प्याचा अहवाल समितीसमोर ठेवायचा. समितीची बैठक झाली आणि तिचं इतिवृत्त सहीनिशी आलं की हप्ता सुटायचा. प्रकल्पाच्या खर्चातला कंपनीचा हिस्सा तर मंजुरीच्या आधीच खात्यात दाखवावा लागतो. पैसे नसलेल्यांसाठी काढलेली योजना दारातच पैसे आहेत का ते विचारते. मधल्या काळातले पगार मी कर्ज काढून दिले. कर्जाचं व्याज हा मान्य खर्च नाही. तेव्हा झालं असं, की संशोधनासाठी सरकार आम्हाला पैसे देत होतं आणि तेवढेच पैसे आम्ही सरकारला बिनव्याजी उसने देत होतो.

मान्य खर्चाची यादी हा तर स्वतंत्र लेखाचा विषय होईल. यंत्र चालतं, यंत्र ज्या खोलीत ठेवायचं तिचं भाडं चालत नाही. कंत्राटी तंत्रज्ञाचा पगार चालतो, पण कंपनी ज्यांनी काढली आणि प्रत्यक्ष संशोधन जे करतात त्यांचा चालत नाही, कारण संस्थापक म्हणजे मालक आणि मालकाला पगार कशाला. पेटंट अर्जाची फी प्रकल्पाच्या मुदतीतच भरली तर मिळते. प्रकल्पातून निघालेला शोध मुदतीच्या शेवटच्या महिन्यात हाती आला असेल तर तो आमचा दोष. हायड्रोफोन घ्यायला तीन दरपत्रकं हवीत. आम्हाला हव्या त्या प्रकारचा बनवणारी कंपनी एकच होती. तिच्याच तीन वितरकांकडून दरपत्रकं आणून नियम पाळला, आणि त्यातल्या सर्वांत स्वस्त वितरकाकडून माल सर्वांत उशिरा आला. अंदाजपत्रकातल्या एका शीर्षात, म्हणजे खर्चाच्या एका प्रकारात, शिल्लक राहिलेली किरकोळ रक्कम दुसऱ्या शीर्षात वळवायलाही पूर्वपरवानगी लागते. परवानगी येईपर्यंत वर्ष संपतं आणि शिल्लक परत करावी लागते. विद्यापीठांना अशा प्रकल्पांत वरकड खर्चासाठी ठरावीक टक्के मिळतात. अमेरिकी योजनेत कंपनीला खर्चाच्या वर थोडा वाजवी नफाही धरता येतो. नफ्याची मागणी मी करत नाही. वीजबिलाची करते.

या ठिकाणी एक अभ्यास आपल्या वित्त विभागाने जरूर वाचावा असा आहे. अर्थतज्ज्ञ सब्रिना हॉवेल यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने छोट्या कंपन्यांना दिलेल्या अनुदानांचा मागोवा घेतला आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. जेमतेम अनुदान मिळालेल्या आणि जेमतेम हुकलेल्या कंपन्यांची तुलना त्यांनी केली. पहिल्या टप्प्याचं छोटं अनुदान मिळालेल्या कंपन्यांना पुढे खासगी जोखीम-भांडवल मिळण्याची शक्यता १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. दुसऱ्या टप्प्याच्या, कितीतरी मोठ्या रकमेचा असा परिणाम दिसला नाही. सरकारी शिक्का बसला म्हणून गुंतवणूकदार आले असंही नव्हतं. त्या पैशातून कंपनीला नमुना तयार करून तो चालतो हे दाखवता आलं, म्हणून आले. आणि हा फायदा जास्त झाला तो पैशांची चणचण असलेल्या, नव्या कंपन्यांना. म्हणजे सुरुवातीची थोडी रक्कम, वेळेवर, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना. आपल्या योजनेची रचना याच्या बरोबर उलट आहे: उशिरा, टप्प्याटप्प्याने मागाहून, आणि ज्यांच्याकडे आधीच काही आहे त्यांना.

अर्जाच्या नमुन्याबद्दल थोडक्यात. तो विद्यापीठासाठी केलेला आहे आणि वर ‘उद्योगांसाठी’ असं लिहिलं आहे. त्यात विभागप्रमुखांची शिफारस लागते, संस्थाप्रमुखांची संमती लागते, प्रमुख अन्वेषकाचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध लागतात. आमच्याकडे विभागप्रमुख मी, संस्थाप्रमुख मी आणि प्रमुख अन्वेषकही मीच. मी माझी शिफारस केली, मीच ती स्वीकारली आणि मीच ती पुढे पाठवली. शोधनिबंधांच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं तर पोर्टल पुढे सरकत नव्हतं, शून्य लिहिलं तेव्हा सरकलं. त्या शून्याचे गुण किती धरले ते आता शेरेच मिळणार नसल्याने कुणालाच कळणार नाही. तंत्रज्ञानाच्या तयारीची पातळी एक ते नऊ यांपैकी कोणती, हाही रकाना आहे. ही मोजपट्टी नासाने अंतराळातल्या सामग्रीसाठी केली होती. प्रयोगशाळेत चाललेलं उपकरण रस्त्यावरच्या खड्ड्यात उतरवलं की ते चौथ्या पातळीवर की पाचव्या, यावर आमच्या सादरीकरणातला निम्मा वेळ गेला. उपकरण गळती शोधतं का, हे विचारायला कुणाला सवड उरली नाही.

आणखी एक गोष्ट छोट्यांनाच जास्त चावते. प्रस्तावात कल्पना किती उघड करायची? थोडी सांगितली तर ‘तांत्रिक तपशील अपुरे’ म्हणून गुण जातात. पूर्ण सांगितली, तर ती वाचणाऱ्या समितीत कोण आहे हे आम्हाला कळत नाही. समितीत उद्योगक्षेत्रातले तज्ज्ञ असतात आणि असायलाही हवेत, पण ते ज्या मोठ्या कंपन्यांतून येतात त्या बऱ्याचदा आमच्याच क्षेत्रातल्या असतात. परीक्षकाने आमच्याशी गुप्ततेचा करार केलेला असतो का, हितसंबंध जाहीर केलेला असतो का, हे अर्जदाराला सांगण्याची पद्धत नाही. कल्पना चोरीला गेली असा आरोप मी कुणावरही करत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण मंजूर प्रकल्पांचा गोषवारा संकेतस्थळावर आम्हाला न विचारता टाकला जातो, ही तर उघड गोष्ट आहे. बहुतेक देशांच्या पेटंट कायद्यात अर्ज दाखल होण्याआधी शोध जाहीर झाला की त्याचं नावीन्य संपतं. मोठ्या कंपनीचा पेटंट विभाग प्रस्ताव भरण्याआधीच अर्ज दाखल करून मोकळा होतो. आमच्याकडे पेटंटचे पैसे त्याच अनुदानातून यायचे असतात.

आपली बाजू मला दिसत नाही असं नाही. हा लोकांचा पैसा आहे. नुसत्या अनुदानांवर जगणाऱ्या, बाजारात कधीच काही न आणणाऱ्या कंपन्या असतात. अमेरिकेत तर वारंवार अनुदान घेणाऱ्यांना आधीच्या अनुदानांचं पुढे काय केलं हे दाखवण्याची अट घालावी लागली. बनावट बिलं लावणारेही असतात. लेखापरीक्षक उद्या प्रश्न विचारेल तो आपल्या अधिकाऱ्याला, मला नाही. ज्या अधिकाऱ्यांशी आमचा संबंध आला त्यांतले बहुतेक सौजन्याने वागले, एकाने तर सुट्टीच्या दिवशी फोन करून कोणता कागद राहिला आहे ते सांगितलं. पण प्रत्येक नवा गैरप्रकार उघडकीला आला की एक नवा फॉर्म वाढतो आणि जुना मात्र कुणी काढत नाही. गैरप्रकार करणाऱ्याला फॉर्म भरायला माणूस ठेवणं परवडतं. ज्याला परवडत नाही तो गळून पडतो, आणि तो गळला याची नोंद कुठेच होत नाही, कारण त्याने अर्जच केलेला नसतो.

मागण्या अशा:

परिपत्रकातला सहावा मुद्दा मागे घ्यावा. परीक्षकांचे शेरे, त्यांची नावं वगळून, प्रत्येक अर्जदाराला पोर्टलवर दिसावेत. ज्या प्रस्तावावर परीक्षकाने दोन शब्दांपलीकडे काही लिहिलेलं नाही, तो प्रस्ताव तपासला गेला असं धरू नये.

निर्णयाची शेवटची तारीख जाहिरातीतच छापावी. ती टळणार असेल तर टळण्याआधी कळवावं. आमचा आग्रह नव्वद दिवसांचाच असं नाही. सहा महिने लिहा, पण लिहा. निधी संपला असेल तर तसंही सांगावं, त्यात कमीपणा काही नाही.

प्रस्ताव दोन टप्प्यांत मागवावेत. आधी तीन-चार पानं, त्यातून निवडलेल्यांकडूनच पूर्ण प्रस्ताव. युरोपीय नवोन्मेष परिषद छोट्या कंपन्यांकडून आधी संक्षिप्त अर्ज आणि तीन मिनिटांची चित्रफीत घेते, पूर्ण प्रस्ताव त्यानंतर. यात आमचे महिने वाचतील आणि आपल्या परीक्षकांचेही. प्रस्ताव फार येतात ही आपली अडचण खरीखुरी सोडवण्याचा रस्ता हा आहे.

पहिला हप्ता आगाऊ द्यावा, आणि तो पहिल्या टप्प्याच्या खर्चाला पुरेल एवढा असावा. बँक हमी किंवा संचालकांची वैयक्तिक हमी छोट्या रकमांसाठी मागू नये. पुढच्या टप्प्याचा अहवाल दिल्यानंतर ठरावीक दिवसांत समिती बसली नाही, तर हप्ता आपोआप सुटावा आणि हरकत असल्यास पुढच्या हप्त्यात समायोजित करावी. संस्थापकांचा वाजवी पगार, भाडं, वीज आणि मुदतीनंतर वर्षभरात भरलेली पेटंट फी मान्य खर्चात धरावी. शीर्षांमध्ये दहा टक्क्यांपर्यंतचा फेरफार कंपनीने कळवून करावा, विचारून नव्हे.

कंपन्यांसाठी अर्जाचा नमुना वेगळा करावा आणि तो ठरवताना अनुदान मिळालेल्या दोन-तीन कंपन्यांबरोबर अनुदान न मिळालेल्याही दोन-तीन कंपन्यांना बसवावं. परीक्षकांनी गुप्ततेच्या आणि हितसंबंधांच्या निवेदनावर सही केली आहे, एवढं तरी अर्जदाराला कळावं. प्रतिस्पर्धी कंपन्यांची नावं देऊन त्यांतले परीक्षक टाळण्याची विनंती करता यावी. गोषवारा प्रसिद्ध करण्याआधी आमची लेखी संमती घ्यावी.

आणि दरवर्षी चार आकडे प्रसिद्ध करावेत: किती प्रस्ताव आले, त्यांतले पन्नासपेक्षा कमी माणसांच्या कंपन्यांचे किती, त्यांतले मंजूर किती, आणि निर्णयाला सरासरी किती दिवस लागले. हे आकडे आपल्या संगणकात आहेतच, त्यासाठी नवा फॉर्म लागणार नाही.

यातल्या बऱ्याच मागण्यांना नियमबदल लागेल, वित्त विभागाची संमती लागेल, वेळ लागेल, हे समजतं. पहिल्या मागणीला मात्र फक्त एक सही लागते, म्हणून तिचं उत्तर आधी हवं आहे.

पुढच्या कॉलसाठी आमचा प्रस्ताव तयार होतो आहे आणि आम्ही तो भरणार आहोत. असं पत्र लिहिल्यावर तो तुझ्या नावाने उघडला तरी जाईल का, असं एक-दोघांनी विचारलं. आपली समिती गुणांवर निवड करते यावर माझा विश्वास आहे. शेरे मिळाले तर तो सिद्धही करता येईल. परिपत्रकाबद्दल आपण जे ठरवाल ते कॉलची मुदत संपण्याआधी पोर्टलवर, सगळ्या अर्जदारांना दिसेल असं कळवावं, ही विनंती.

आपली,
एका सात जणांच्या कंपनीची संस्थापक
(प्रमुख अन्वेषक, विभागप्रमुख आणि संस्थाप्रमुख यांच्या वतीनेही)